अकरा लाखांचा नफा

बुद्धपौर्णिमेची खीर वाटून पंचफुला विहारातून घरी आली, तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. देऊळघाटात त्या दिवशी ऊन असं होतं की अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. स्वयंपाकघरात ताटं मांडून ठेवलेली होती, पण जेवायला कोणी बसलं नव्हतं. पुढच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि त्याच्याही वर आवाज चढवून तिचा दीर चंद्रशेखर बोलत होता.

"दादा, कागद सगळ्यायनं वाचला. आता सोमवारी ठराव घ्यायचा, विषय संपला."

पंचफुला पदराला हात पुसत दारात उभी राहिली. तिचा नवरा धम्मरत्न खुर्चीत बसला होता, मांडीवर फाईल. उजेड नागरी सहकारी पतसंस्थेचा तो चौदा वर्षं अध्यक्ष होता. भिंतीला टेकून तख्तावर सासरे, माणिकराव हिवाळे. ब्याऐंशी वर्षांचे. ऐकायचं यंत्र त्यांनी कानातून काढून हातात धरलं होतं. ही संस्था त्यांनी सुरू केली तेव्हा ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. सोबत होते बशीरभाईचे वडील, लोखंड-सिमेंटचे व्यापारी. दोघांनी दारोदार हिंडून एकशे बारा सभासद जमवले होते. आता वडिलांच्या जागी बशीरभाई संचालक होते. खीर खायला आले ते बसूनच राहिले होते. खिडकीपाशी स्टुलावर मयुरी बसली होती, पंचफुलाची मुलगी. तिच्या हातात एकच कागद होता.

"तूबी बस," धम्मरत्न बायकोला म्हणाला. "तुझीबी सही लागते."

पंचफुला बसली. महिलांच्या राखीव जागेवरून तीही अकरा वर्षं संचालक होती. प्रत्येक सभेला ती जायची, पोहे खायची आणि नवऱ्यानं बोट ठेवलं तिथं सही करायची. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तिनंही सभेत कधी काही विचारलं नव्हतं.

कागद एका मोठ्या मल्टिस्टेट पतसंस्थेचा होता. नुसत्या जवळच्या तीन जिल्ह्यांतच तिच्या साठ शाखा होत्या आणि तिला उजेड पतसंस्था आपल्यात विलीन करून हवी होती. अटी चंद्रशेखरला तोंडपाठ होत्या. दुसरबीडची शाखा त्याच्या इमारतीत होती, ती नऊ वर्षांच्या करारानं भाड्यानं घेणार. संचालक म्हणून शाखा तोच सांभाळायचा, तेव्हा त्याला विभागीय अधिकारी करणार. धम्मरत्नला सल्लागार मंडळावर घेणार.

"संस्था नफ्यात हाय तवाच कोनी इचारते," चंद्रशेखर म्हणाला. "औंदा अकरा लाख नफा. उद्या तोट्यात गेलो तर दारात कोन उभं करन?"

"काका, तो नफा नाहीये," मयुरी म्हणाली.

नागपूरच्या बँकेतली नोकरी सोडून ती नऊ महिन्यांपूर्वी गावी परत आली होती. जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि धम्मरत्ननं तिला बोलावून घेतलं. तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला होता, चंद्रशेखरलाही.

"ताळेबंदाच्या मसुद्यात लिहिलं हाय की."

"मीच लिहिलं. बाबांनी सांगितलं तसं लिहिलं. आता ते मले खोडायचं आहे." तिनं कागद समोर धरला, पण बोलताना त्यात पाहिलं नाही. "वर्षाचं उत्पन्न एक कोटी साठ लाख. ठेवीदारांना व्याज दिलं एक कोटी दोन लाख. पगार, भाडं, गाडी, भत्ते, वीज असा खर्च सत्तेचाळीस लाख. उरले अकरा. इथवर बरोबर. पण त्या एक कोटी साठमधले एकोणीस लाख आपल्याकडे आलेच नाहीत. कर्जदारांनी ते व्याज भरलंच नाही. तीन महिने व्याज आलं नाही की ते उत्पन्नात धरायचं नसतं, असा नियम आहे. एकोणीस काढा. आठ लाख तोटा होतो."

बशीरभाई उठले आणि त्यांनी खिडकीचा पल्ला ओढून घेतला. "बेटी, हळू बोल. रस्त्यावर ऐकू जाते."

"सगळ्या संस्था असंच करते," चंद्रशेखर म्हणाला. "आज नाही तर उद्या येनारच हाय ते व्याज."

"आलं की धरू. आणि खर्चाचंही सांगते. दुसरबीडची शाखा वर्षाला एकवीस लाख कमावते. तिथल्या ठेवींचं व्याज तेरा लाख, खर्च पंधरा लाख. म्हणजे सात लाख खाली. तुमच्या शेजारचा गाळा महिना दहा हजारानं जातो, आपण तुम्हाला तीस देतो. काकूच्या नावावरची गाडी संस्थेला भाड्यानं आहे, तिचे महिना वीस."

चंद्रशेखरच्या मानेवरची शीर वर आली, पण तो बोलला तेव्हा आवाज खाली होता.

"माझं काढलंस, बरं झालं. मग त्या एकोणीस लाखातलं सगळ्यात मोठं नाव काऊन नाही काढलं? यादीत नुसता खाते नंबर काऊन लिवला?"

मयुरीनं आईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"वहिनी," चंद्रशेखर पंचफुलाकडे वळला, "वडनेर भोलजीचं गोदाम. चाळीस लाख कर्ज. तुमचा भाऊ. दोन वर्षांत एक हप्ता नाही भरला त्यानं. वर्षाचं सहा लाख व्याज तिथंच अडकलं हाय. जामीनदार कोन, ते दादाले इचारा."

विचारायची गरज नव्हती. अडीच वर्षांपूर्वी तिचा भाऊ भाऊराव पेढे घेऊन आला होता, तिनं त्याच्या कागदावर जामीनदाराच्या जागी सही केली होती, आणि धम्मरत्न म्हणाला होता की हे नुसतं रिवाजापुरतं आहे. त्यानंतर भाऊ जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तिनं हप्त्याचं विचारलं होतं. सगळं सुरळीत आहे, असं तो दर वेळी म्हणाला होता. नवराही तेच म्हणाला होता.

माणिकरावांनी यंत्र कानात घातलं. "किती मनला?"

"चाळीस लाख, आबा," मयुरी म्हणाली.

"मंडळात ठराव झालता?"

"झालता, बाबा," धम्मरत्न म्हणाला.

"कोनीच इरोध नाही केला?" म्हाताऱ्यानं एकेकाकडे पाहिलं. बशीरभाई खाली बघत होते. शेवटी नजर सुनेवर आली. "तुवा?"

"मी सही केली," पंचफुला म्हणाली.

माणिकराव म्हणाले, "इकायची का नाही, हे मले इचारू नका. मी आता ना पायाचा राह्यलो, ना हाताचा. ज्यायनं सह्या केल्या, त्यायनंच ठरवा." आणि त्यांनी यंत्र परत काढून खिशात ठेवलं.

जेवणं झाली. कोणी कोणाला आग्रह केला नाही. चंद्रशेखर हात धुऊन तसाच गाडीत बसला आणि दुसरबीडला निघून गेला.

चारच्या सुमाराला पंचफुला भांडी लावत होती. मयुरी आत आली, उभीच राहिली.

"तुझं नाव मले त्या कागदावर टाकवलं नाही," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"तुझ्या बापानं अकरा वर्षं मले काही सांगितलं नाही. नऊ महिने तुवाबी नाही सांगितलं." पंचफुलानं ताट फडताळात सरकवलं. "माझ्या वाईट वाटन्याची तुमाले एवढी फिकीर हाय, तर आता मले नीट समजावून सांग. इंग्रजी शब्द नको."

मयुरी पाटावर बसली. "तुझी पिठाची गिरणी होती, तेव्हाचं आठव. दिवसाला समज तीनशेचं दळण व्हायचं."

"साडेतीनशे."

"त्यातनं विजेचं बिल, जात्याच्या दगडाला टाकी लावायचे पैसे, पट्टा, मदतीच्या बाईची मजुरी. हे सगळं जाऊन तुझ्या हातात काय उरायचं?"

"चाळीस-पन्नास. कधी तेबी नाही."

"आणि जे लोक उधारीवर दळून न्यायचे? ते पैसे तू त्या चाळीसात धरायचीस?"

"ते कसे धरीन? हातात आल्याबिगर?" पंचफुला बोलता बोलता थांबली. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं. "आपन ते धरले."

"हो. गिरणी चालते, दारात गर्दी असते, म्हणून सगळ्यांना वाटते जोरात चाललं आहे. आपलं तसंच झालं. वहीत शंभर रुपये धरले की चौसष्ट ठेवीदारांना जातात, एकोणतीस आपण चालवण्यात घालवतो. उरतात सात. पण त्या शंभरात आपण न आलेले बारा मिसळले आहेत. म्हणजे मुळात पाच कमीच पडतात. ते पाच दरवर्षी लोकांच्या ठेवीतून जाणार, आणि कोणाला कळणार नाही. दहा वर्षांनी एका दिवशी कळेल."

"अन् त्या मल्टिस्टेटले हे माईत नाही?"

"सगळं माहीत आहे. आपल्या नफ्याशी त्यांना घेणं नाही. त्यांना आपल्या चौदा कोटींच्या ठेवी पाहिजेत. त्या ठेवी घेऊन ते शहरात बिल्डरला कर्ज देतील. आपल्या इथं सेंट्रिंगवाले, बांगड्यावाल्या, भाजीवाल्या पंधरा-वीस हजार नेतात, बिगर गहाण. तीस वर्षांत त्यातलं बुडालं किती माहीत आहे? शंभरात दोन. बुडवणारे सगळे मोठे आहेत. पण विलीन झालो की पहिल्यांदा ही छोटी कर्जं बंद होतील."

"अन् नाही इकली तर?"

मयुरीनं बोटं मोजली. "काकांचं भाडं तीसचं दहा. दोन लाख चाळीस वाचले. गाडी बंद, तेवढेच. अध्यक्ष-संचालकांचे भत्ते बंद, एक लाख ऐंशी. ठेवींवर आपण शेजाऱ्यांपेक्षा अर्धा टक्का जास्त देतो, तो नव्या ठेवींवर कमी करायचा. पहिल्या वर्षी साडेतीन लाख. सगळे मिळून दहा. तोटा आठ. उरतात दोन लाख."

"दोनच?"

"दोनच. पण खरे."

"अन् वडनेरचं?"

"ते आलं तर या दोनाच्या वर."

"ते माझ्यावर सोड," पंचफुला म्हणाली.

संध्याकाळी धम्मरत्न अंगणात पाणी मारत होता. ती सकाळच्या गाडीनं वडनेरला जाणार हे ऐकून त्यानं पाइप खाली टाकला.

"नको जाऊ. माहेर तुटन तुझं."

"तुमाले दोन वर्षं माईत होतं."

"होतं." तो पायरीवर बसला. पाणी वाहत राहिलं, त्यानं नळ बंद केला नाही. "भाऊरावनं माझ्यासमोर हात जोडले होते, पंचफुला. मले नाही म्हनता आलं नाही. मग तो आकडा दर मार्चले माझ्यासमोर येते. मी मॅनेजरले म्हनतो, धर, धर, येईन. अन् घरी येऊन दोन दिस जेवन जात नाही. विलीन झालं का तो आकडा त्यायच्या वहीत जाते. मले एवढंच पायजे होतं."

तिला त्याचा राग होता. तरी तिनं नळ बंद केला आणि त्याच्या शेजारी थोडा वेळ बसली. मग उठली. "सकाळी सहाची गाडी हाय," ती म्हणाली.

राजूर घाट उतरला की खालची उष्णता अंगावर येते. नांदुऱ्यापर्यंत पंचफुलाला खिडकी मिळाली होती, तिथं गाडी बदलल्यावर उभ्यानं जावं लागलं. वडनेरच्या फाट्यावर उतरून ती भावाच्या घरी गेलीच नाही. हमरस्त्याच्या कडेला भाऊरावचं गोदाम होतं, तिकडे सरळ चालत गेली.

तिच्या मनात होतं की गोदाम रिकामं असेल. धंदा बसला असेल, पत्रे उडाले असतील, भाऊ तोंड लपवून बसला असेल. वाटेत तिनं त्याच्यासाठी शब्दही जुळवून ठेवले होते. पण शटर वर होतं. आत छतापर्यंत सोयाबीनची पोती रचलेली होती. ट्रक लागला होता आणि हमाल पाठीवरून पोती उतरवत होते. भाऊराव काट्यापाशी उभा राहून मोबाइलवर बोलत होता. बहिणीला पाहून त्यानं फोन ठेवला.

"ताई? अशी अचानक? घरी काऊन नाही गेली?"

"हा माल तुझा हाय?"

"माझा कुठचा. मलकापूरच्या व्यापाऱ्याचा हाय. त्याले गोदाम भाड्यानं देलं."

"किती देते तो?"

भाऊरावनं इकडेतिकडे पाहिलं. "पस्तीस हजार."

"महिन्याचे?"

"हाव."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

पंचफुलानं एका पोत्याच्या थप्पीला हात टेकवला. भाऊरावनं खुर्ची आणली, पण ती बसली नाही.

"दीड वर्ष तुले भाडं येते. अन् तू एक रुपया नाही भरला."

"ताई, पूनमची फार्मसीची फी होती. मग घराचा स्लॅब. मी काही उडवले नाही." त्याच्या बोलण्यात खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. "दुसऱ्या कोन्या बँकेचं असतं तर पयले तेच भरलं असतं. पन आपलीच संस्था हाय. दाजी अध्यक्ष. मनलं, घरचंच हाय, थांबते."

"घरचं नाही ते," पंचफुला म्हणाली. तिचा आवाज हमालांना ऐकू गेला आणि दोघं थांबले. तिनं तो खाली आणला. "भाऊ, ज्या पैशात तुझ्या पोरीनं फी भरली, तो पैसा देऊळघाटच्या बायायचा हाय. रोज पन्नास-शंभर टाकते त्या. त्यातल्या एकीचीबी पोरगी फार्मसीले नाही."

भाऊरावनं खुर्ची बाजूला सरकवली.

"या महिन्यापासून भाडं थेट संस्थेत जाईन. व्यापाऱ्याले तू आज फोन कर, माझ्यासमोर. अन् दिवाळीपर्यंत गोदाम इक. कर्ज फेडून उरन ते तुझं."

"अन् नाही इकलं तर?"

"तर जप्तीची नोटीस येईन."

"दाजी मले नोटीस नाही काढनार."

"दाजी नाही काढन. ठराव मी मांडीन, सही माझी राहीन. या वेळी वाचून करीन."

भाऊरावनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी तिनं त्याच्या हातातलं काही हिसकावून घेतलं की पाहायचा. मग त्यानं फोन काढला आणि व्यापाऱ्याचा नंबर लावला. ती उभी राहून ऐकत राहिली, शेवटपर्यंत. पूनमच्या आईनं, आशाबाईनं, घरून चहा पाठवला होता. तो ती प्यायली. निघताना ती घरासमोरून गेली, दार उघडं होतं, पण आशाबाई बाहेर आली नाही.

सोमवारी अकरा वाजता संस्थेच्या माडीवर सभा भरली. अकराही संचालक आले होते. इतर वेळी निम्मेच यायचे. मयुरी वही घेऊन कोपऱ्यात बसली. धम्मरत्ननं विलीनीकरणाचा कागद वाचायला घेतला, तेव्हा पंचफुला म्हणाली, "आधी ताळेबंद घ्या."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कोणाचा आवाज आहे, हे दोघातिघांना कळलंच नाही.

"इकायची असन तर काय इकून राह्यलो ते तरी खरं लिवा," ती म्हणाली. ती उभी राहिली. "मसुद्यात अकरा लाख नफा लिवला हाय. तो नाही. आठ लाख तोटा हाय. त्यातला मोठा वाटा माझ्या भावाचा. जामीनदार मी हाय. माझी साडेचार लाखांची ठेव हाय इथं. ती आज मोडून त्या खात्यावर घ्या. काल मी वडनेरले जाऊन आली. गोदामाचं भाडं या महिन्यापासून इथं जमा होईन. दिवाळीपर्यंत गोदाम इकलं नाही, तर जप्तीचा ठराव. तो आजच करून ठेवा, तारीख टाकून."

चंद्रशेखर हसला. "वहिनी, तुमचं झालं. आता माझ्यावर या."

"येते. भाडं दहा हजार. गाडी बंद. शाखा एक वर्ष चालवायची. वर्षात तिचा खर्च तिच्या कमाईत नाही बसला, तर बंद करायची."

"अन् मी नाही मनलं तर?"

"शेजारचा गाळा रिकामा हाय. पाटी उचलून तिकडं न्यायले एक दिस लागते."

बशीरभाईंनी घसा साफ केला. त्यांच्या कपाळावर घाम होता. "भाभी, बात सही हाय तुमची. पन तोटा मनलं का उद्या दारात रांग लागन. माझ्या वालिदनं अन् मास्तरनं घरोघर जाऊन ठेवी आनल्या होत्या. त्या एका दिवसात जातीन. तवा काय करसान?"

"ज्याचे त्याले देऊ. पळून नाही जाऊ."

"दारात कोन बसन? लोकायले तोंड कोन देईन?"

"मी बसीन."

मग धम्मरत्ननं मत घेतलं. विलीनीकरणाच्या बाजूनं चार हात वर झाले. विरोधात पहिला हात पंचफुलाचा होता. मग एक, मग आणखी तीन. बशीरभाईंनी सगळ्यात शेवटी केला, आणि केल्यावर रुमालानं तोंड पुसलं. सहा झाले. अध्यक्षानं हात वर केला नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. त्यानं पेन काढलं, मसुद्यातल्या अकरावर आडवी रेघ मारली, वर तोट्याचा आकडा लिहिला आणि खाली सही केली. पंचफुलानं ते पाहिलं.

मंगळवारी सकाळी मयुरीनं दारावर कागद लावला. वर्षाचा तोटा किती, तो कशामुळे झाला, काय खर्च कमी केला, सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत. बुलढाण्याच्या बँकेतली संस्थेची ठेव मोडून तिनं तीस लाख रोख आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. दहा वाजेपर्यंत रस्त्यावर माणसं जमली. पंचफुलानं खुर्ची काउंटरच्या बाहेर, दारासमोर मांडली आणि बसली. आत रोखपालाच्या शेजारी धम्मरत्न स्वतः बसला होता.

पहिली स्लिप आली ती दुसरबीडहून. चंद्रशेखरच्या बायकोची, सिंधूताईची. नऊ लाख, मुदतीआधी मोडून. चंद्रशेखर स्वतः घेऊन आला होता. त्यानं वहिनीकडे न पाहता ती पुढे केली. मागच्या लोकांनी आकडा पाहिला आणि रांगेत कुजबूज झाली. अध्यक्षाचा भाऊच काढून राह्यला, कोणीतरी म्हणालं.

मयुरी खुर्चीपाशी वाकली. "आई, तीसमधले नऊ इथंच गेले तर—"

"दे," पंचफुला म्हणाली. "मुदत मोडली त्याचं व्याज नियमानं काप, बाकी दे. सगळ्यायसमोर मोजून दे."

नोटा मोजायला वीस मिनिटं लागली. रांग गप्प उभी राहून पाहत होती. चंद्रशेखरनं पिशवी भरली आणि तो गेला. त्यानंतर रांगेतल्या चार-पाच जणांनी एकमेकांशी बोलून घेतलं आणि ते घरी निघून गेले. बाकीचे थांबले.

पुढे बानो होती. बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायची. संस्थेत तिचं खातं पंचफुलाच्या लग्नाआधीपासूनचं होतं.

"बाई, पैसे हायेत नं?"

"हायेत. किती पायजे?"

बानोनं पासबुक पुढे केलं. "सगळे. बावीस हजार. माझ्या पोराचं ऑपरेशन हाय असं नाही. खोटं नाही बोलत. भेव वाटते."

"भेव वाटन्यासारखंच लिवलं हाय दारावर. घेऊन जा."

धम्मरत्ननं नोटा दिल्या. बानोनं त्या दोनदा मोजल्या, बटव्यात घातल्या, बटवा कमरेला खोचला.

"राग नको मानू, बाई."

"नाही मानत. परत ठेवावं वाटलं तर मी इथंच हाय. व्याज अर्धा टक्का कमी मिळन."

बानो पायऱ्या उतरून बाजाराच्या दिशेनं गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. ऊन आता दारातून आत आलं होतं, खुर्चीच्या पायापर्यंत. मयुरीनं आईसाठी पाण्याचा तांब्या आणून खाली ठेवला.

"अजून किती जन हायेत?" पंचफुलानं विचारलं.

मयुरीनं दारातून डोकावून मोजलं. "सव्वीस."

पंचफुला पाणी प्यायली, तिनं पदर खांद्यावर नीट घेतला आणि पुढची स्लिप घ्यायला हात लांब केला.

"पाठव," ती म्हणाली.